‘पण त्यांना हे कळलं कसं?’ – विज्ञान थरार कादंबरी आणि तिच्यावरचा सिनेमा

प्रश्न साताऱ्याच्या एका शिक्षकांचा आहे. त्यांच्या शाळेला जोडून ज्युनिअर कॉलेज आहे, अकरावी सायन्सच्या मुलांना दर दोन महिन्यांनी एक विज्ञान थरार कादंबरी वाचायला द्यायची आणि मग तिच्यावरचा सिनेमा दाखवायचा असं त्यांनी ठरवलंय. मुलांनी पहिल्याच दिवशी विचारलं, सर सिनेमा आहे तर पुस्तक कशाला, आणि दोन्हींत जास्त खरं कोणतं. आता सर विचारतायत की तुलना नक्की कशाची करायची, कुठल्या जोड्या घ्यायच्या, आणि आधी पुस्तक का आधी सिनेमा.

सर, उत्तर जरा लांबणार आहे, सवडीनं वाचा. मी मिरजेत मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये २७ वर्षं काम करतेय, म्हणजे जंतू वाढवायचे, ओळखायचे आणि कुठलं औषध चालतंय ते डॉक्टरांना कळवायचं. आणि गेली अकरा वर्षं महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आमच्या हॉलमध्ये आठदहा जण जमतो, सगळ्यांनी पुस्तक वाचून यायचं, मग भिंतीवर सिनेमा, मग भडंग आणि भांडण. तुम्ही वर्गात करायला निघालाय तेच आम्ही घरी करतो. काय चालतं आणि काय चालत नाही ते त्यामुळं अनुभवानं सांगू शकते.

पहिलं म्हणजे ‘जास्त खरं कोणतं’ हा प्रश्न मुलांना सोडून द्यायला सांगा. त्यातनं काही हाती लागत नाही. ‘जुरासिक पार्क’ घ्या, अंबरमध्ये, म्हणजे झाडाच्या गोठून दगड झालेल्या डिंकात अडकलेल्या डासाच्या पोटातल्या रक्तातनं डायनासोर करतात, ते पुस्तकात आणि सिनेमात दोन्हीकडं खोटंच आहे. न्यूझीलंडच्या मोआ पक्ष्याच्या हाडांवर २०१२ साली अभ्यास झाला, त्यात डीएनएचं अर्धायुष्य ५२१ वर्षं निघालं, म्हणजे तेवढ्या वर्षांत निम्मं संपतं, साडेसहा कोटी वर्षांत काय शिल्लक राहणार तुम्हीच बघा. पण म्हणून ती कादंबरी टाकाऊ होत नाही आणि सिनेमाही होत नाही. मुलांना एकच प्रश्न द्या आणि तोच वर्षभर लावून धरा: यांना हे कळलं कसं? पुस्तकात कसं कळलं आणि सिनेमात कसं कळलं. विज्ञान थरारचा जीव या ‘कसं कळलं’मध्ये असतो, राक्षस, स्फोट, पळापळ ही सगळी त्याच्यावरची कपडे.

हे मी सांगलीच्या भाषेत सांगते. पावसाळ्यात आमच्याकडं कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फूट हा एकच विषय असतो. ४० ला इशारा, ४५ ला धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ च्याही वर गेलं. त्या दिवसात टीव्हीवर पुराची दृश्यं चोवीस तास चालू होती, होड्या, छपरावर बसलेली माणसं, सगळं. पण खरं सांगते, पोटात गोळा आला तो दृश्यानं नाही, आकड्यानं आला. मघाशी ५१ होतं आता ५२ आहे, कोयनेतनं सोडलेलं अजून पोचायचंय, वारणेचं पाणी वेगळंच. पाणी दिसत नव्हतं तेव्हाच जास्त भीती होती कारण तुम्ही मनात हिशोब करत होता की आपल्या गल्लीला किती फूट उरलेत. कादंबरी ही अशी आकड्यानं घाबरवते. आणि सिनेमाला तो आकडा पडद्यावर लिहून भागत नाही, त्याला पाणीच दाखवावं लागतं. आता ते पाणी दाखवताना आकडा वाहून गेला का टिकला, एवढंच आम्ही दर शनिवारी बघतो.

सुरुवात ‘द अँड्रोमेडा स्ट्रेन’नं करा. मायकेल क्रायटनची १९६९ ची कादंबरी, लिहिली तेव्हा तो हार्वर्डला मेडिकलचा विद्यार्थी होता, आणि १९७१ चा रॉबर्ट वाइझचा सिनेमा. गोष्ट साधी आहे. अवकाशातनं परत आलेला छोटा उपग्रह ॲरिझोनातल्या एका गावाजवळ पडतो, त्याच्याबरोबर आलेल्या अनोळखी जंतूनं गाव रात्रीत मरतं, जगतात दोघंच, एक म्हातारा आणि एक सतत रडणारं तान्हं बाळ. मग नेवाडात जमिनीखाली पाच मजली लॅब, चार शास्त्रज्ञ, आणि प्रश्न एकच की हे दोघंच का वाचले. म्हातारा पोटाच्या अल्सरवर ॲस्पिरिन खातो आणि वर स्पिरिटसारखं जळाऊ इंधन पितो, म्हणून त्याचं रक्त आम्लाकडं झुकलेलं, आणि बाळ रडून रडून भराभर श्वास घेतं, कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो, म्हणून त्याचं रक्त अल्कलीकडं झुकलेलं. जंतू वाढतो तो फक्त मधल्या अरुंद पट्ट्यात. माणसाच्या रक्ताचा पीएच, म्हणजे आम्ल का अल्कली ते सांगणारा आकडा, साधारण ७.३५ ते ७.४५ असतो हे अकरावीच्या मुलांना माहिती असतं पण त्याच्यावर कुणाचा जीव टांगलेला त्यांनी कधी बघितलेला नसतो. एवढं हातात आलं की मुलं पुस्तक खाली ठेवत नाहीत, आमच्या ग्रुपातल्या एका कॉमर्सवाल्या दादांनी तर रात्री दोनला मला मेसेज केला होता की बाळाचं मला कळलं, आधी सांगू नका.

या पुस्तकाची गंमत अशी की ते घटना घडून गेल्यावर लिहिलेल्या अहवालासारखं आहे, मधेमधे कॉम्प्युटरची प्रिंटआउट, आकृत्या, तक्ते. आणि लेखक मधेच थांबून सरळ सांगतो की इथं या माणसाची चूक झाली. बर्टन नावाचा शास्त्रज्ञ रक्त न गोठण्याचं औषध दिलेल्या उंदरांची चिरफाड करत नाही, आणि पुस्तक तिथंच सांगतं की ही त्याची चूक होती. चूक आधी कळते, परिणाम नंतर. वाचताना तुम्ही त्या माणसाला मनात ओरडत असता की अरे तेही उघडून बघ. सिनेमात असा निवेदक नाही, मग वाइझनं काय केलं तर वेळ घेतला. सिनेमा दोन तासांच्या वर आहे आणि त्यात शास्त्रज्ञ एकेका मजल्यावर उतरत निर्जंतुक होत जातात तो भाग भरपूर मोठा आहे. अंघोळ, कपडे जाळणं, कातडीचा वरचा थर भाजून काढणं, तपासण्या. आजच्या मुलांना पहिल्यांदा कंटाळा येईल, येऊ द्या, कारण प्रयोगशाळेत काम करणं म्हणजे बहुतेक हेच असतं. पडदा दोनतीन तुकड्यात विभागून एकाच वेळी चेहरा, यंत्र आणि नमुना दाखवतात, ते त्या तक्त्यांचं पडद्यावरचं रूप आहे असं मला वाटतं.

आता एक प्रसंग जवळनं बघा, कारण मी हा सिनेमा सुचवते तो याच्यासाठी. कादंबरीत लेव्हिट नावाचा पुरुष शास्त्रज्ञ आहे, सिनेमात त्याची रूथ लेव्हिट केली, केट रीड या नटीनं केलेली, तिरसट, मध्यमवयीन, चष्मेवाली बाई. तिला अपस्मार, म्हणजे फिट येण्याचा आजार आहे आणि तिनं तो लपवलाय. ती वेगवेगळ्या माध्यमांत, म्हणजे जंतूंच्या खाद्यांत, जंतू वाढला का नाही ते यंत्रावर बघत बसलीय, एकामागनं एक निकाल येतायत, ‘नो ग्रोथ’, ‘नो ग्रोथ’, लाल अक्षरं लुकलुकतायत आणि त्या लुकलुकण्यानंच ती थिजते. डोळे उघडे, माणूस नाही. नेमका महत्त्वाचा निकाल त्या तेवढ्या वेळात समोरनं निघून जातो. कुणी पळत नाही, बंदूक नाही, संगीतही जवळपास नाही, एक बाई खुर्चीत बसलीय आणि आमच्या हॉलमध्ये श्वास अडकले होते.

मला तर घाम फुटला होता, कारण ‘नो ग्रोथ’ हे दोन शब्द मी आयुष्यात हजारो वेळा लिहिलेत. माझ्या नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट, तेव्हा ब्लड कल्चरचं, म्हणजे रक्तात जंतू वाढतायत का ते बघायचं यंत्र आमच्याकडं नव्हतं, रक्ताच्या बाटल्या इन्क्युबेटरमध्ये ३७ डिग्रीला ठेवायच्या, रोज उजेडात धरून बघायच्या आणि ठराविक दिवशी प्लेटवर घ्यायच्या. आटपाडीकडचा एक मेंढपाळ, दोन महिने येऊन जाऊन ताप, अंगदुखी, पाठ धरलेली. पाच दिवस झाले, काही नाही. मी रिपोर्ट लिहायला घेतला, आमच्या सीनियर मॅडम म्हणाल्या, ‘मेंढरं आहेत ना त्याच्याकडं? मग बाटली टाकायची नाही, थांबायचं.’ नवव्या दिवशी प्लेट तिरकी धरून खिडकीशी नेली तर दवाचे थेंब असावेत तशा बारीक, पारदर्शक, मधाच्या रंगाची झाक असलेल्या कॉलनी, म्हणजे जंतूंचे पुंजके. ब्रुसेला. जनावरांकडनं येतो, सावकाश वाढतो, आणि पाचव्या दिवशी मी सही केली असती तर तो माणूस रिपोर्टमध्ये निरोगी ठरला असता. त्या लेव्हिटबाईच्या प्रसंगात मला हे दिसतं. मुलांना हा प्रसंग दोनदा दाखवा आणि पुस्तकातला लेव्हिटचा भाग आधी वाचून घ्या, सिनेमानं बदल करूनसुद्धा ‘कसं कळलं’ आणि ‘कसं कळायचं राहिलं’ दोन्ही टिकवलंय ते त्यांना आपोआप दिसेल. आणि कागदाचा तो बारीक कपटा, जो टेलिप्रिंटरच्या घंटीत अडकतो आणि मेसेज आल्याचं कुणाला कळतच नाही, तोही चुकवू नका. जगातली सगळ्यात महागडी लॅब आणि अडलं कुठं तर कपट्यावर. काम करणाऱ्या कुणालाही ते खोटं वाटणार नाही.

दुसरी जोडी अर्थातच ‘जुरासिक पार्क’. कादंबरी क्रायटनचीच, १९९०, स्पीलबर्गचा सिनेमा १९९३. आपल्याकडं १९९४ ला हिंदीत डब होऊन आला तेव्हा मी बीएस्सीला होते, वडिलांबरोबर एसटीनं सांगलीला येऊन बघितला, पाण्याचा ग्लास थरथरला तेव्हा शेजारच्या अनोळखी बाईंनी माझा हात धरला होता. पुस्तक त्यानंतर चारपाच वर्षांनी वाचलं आणि तेव्हा कळलं की सिनेमात नसलेली सगळ्यात भारी जागा एका आलेखात आहे.

ती अशी. जुन्या डीएनएपासून डायनासोर तयार करून एका बेटावर पार्क काढलाय. पार्कमधले सगळे प्राणी मादी केलेत, पिल्लं होणं शक्य नाही, अशी तिथल्यांची खात्री. बेटभर कॅमेरे आणि सेन्सर, कॉम्प्युटर दर काही मिनिटांनी प्राणी मोजतो आणि सांगतो २३८ पैकी २३८, सगळं ठीक. ग्रँट या डायनासोरांच्या अभ्यासकाला मैदानात अंड्याच्या कवचाचा तुकडा मिळतो तरी कंट्रोल रूमवाले ठाम, मोजणी बरोबर आहे म्हणतात. मग माल्कम नावाचा गणिती म्हणतो, कॉम्प्युटरला २३९ शोधायला सांगा. तो २३९ शोधतो. ३०० शोधायला सांगा. २९२ सापडतात. कारण त्यांनी प्रोग्रॅमच असा लिहिला होता की अपेक्षित आकडा भरला की मोजणी थांबवायची. त्यांना प्राणी पळून जाईल, कमी होईल याची भीती होती, वाढतील असं कुणाच्या मनातच आलं नाही. जलद पळणारे, हुशार, सगळ्यात घातक असे जे रॅप्टर, ते ८ असायला हवेत, तर निघाले ३७. मी हे पान वाचताना पुस्तक बंद करून उठले होते. एकही दात दिसत नाही त्या पानावर, एक तक्ता आहे फक्त.

आणि त्याच्या आधी माल्कमला संशय कशानं आला तर छोट्या डायनासोरांच्या उंचीच्या आलेखानं. ते प्राणी तीन बॅचमध्ये सोडलेले, सहा सहा महिन्यांच्या अंतरानं. मग उंचीच्या आलेखाला तीन टेकड्या दिसायला हव्यात. पण आलेख दिसतो कसा तर एकच गुळगुळीत घंटा, निसर्गात वाढणाऱ्या, पिल्लं घालणाऱ्या कळपाचा असतो तसा. सगळे तो आलेख बघून खूश, की बघा किती छान आलाय, आणि तो छान आलाय हाच पुरावा की काहीतरी बिघडलंय. विज्ञानातलं इतकं सुंदर वळण मी दुसऱ्या कुठल्या थरार कादंबरीत वाचलेलं नाही.

स्पीलबर्गनं हे सगळं काढलं. मोजणी नाही, आलेख नाही. त्याच्या जागी रात्र संपल्यावर ग्रँट मुलांना घेऊन चाललाय आणि झाडाच्या मुळाशी फुटलेली अंडी, बाहेर जाणारी इवली पावलं. अर्ध्या मिनिटात काम झालं. आमच्या ग्रुपात यावरनं दर वेळी दोन तट पडतात. मी पूर्वी चिडायचे, आता नाही चिडत. बेडकाच्या डीएनएचा धागा त्यानं ठेवलाय, म्हणजे डायनासोरांच्या डीएनएतल्या तुटक्या जागा बेडकाच्या डीएनएनं भरलेल्या आणि काही बेडूक मादीचे नर होतात, ग्रँट तिथंच तो जोडतो, म्हणजे ‘कसं कळलं’ टिकलंय, फक्त ते डोळ्याला कळण्यासारखं केलंय. क्लोनिंग कसं केलं ते पुस्तकात हळूहळू उलगडतं, सिनेमात पर्यटकांना दाखवायचं कार्टून करून टाकलं, तेही हुशारीचं आहे कारण त्या पार्कमध्ये तसलं कार्टून असणारच ना. ग्लासातल्या पाण्याची वलयं सिनेमाची स्वतःची भर आहे, गिटारची तार ग्लासाखाली छेडून ती केली होती, आणि ती वलयं म्हणजे मी वर म्हणते तो आयर्विनचा आकडाच आहे, प्राणी दिसण्याआधीचं माप. डायनासोर अख्ख्या सिनेमात पंधराएक मिनिटंच दिसतात हे मुलांना सिनेमा संपल्यावर सांगा, आधी सांगू नका.

मात्र जे हरवलं ते हरवलंच. पुस्तकाचा मुद्दा होता की माणूस फक्त अपेक्षित गोष्टच मोजतो. सिनेमाचा मुद्दा झाला की जीव आपली वाट काढतो. दुसरा मुद्दा गोड आहे, त्यात माणसाचा हिशोब कुणी तपासत नाही. आणि हॅमंड, पार्कचा मालक, पुस्तकात हट्टी आणि पैशाला चिकटलेला आहे, शेवटी त्याच्याच छोट्या डायनासोरांच्या तोंडी जातो, सिनेमात तो आजोबा झाला आणि हेलिकॉप्टरनं घरी गेला. हे मला आजही पटत नाही. चूक करणारा माणूस प्रेमळ दाखवला की चूक लहान वाटायला लागते.

तिसरी जोडी ‘कोमा’, पण ही मुलांना देताना तुमचं तुम्ही ठरवा, ऑपरेशन थिएटर आणि प्रेतं आहेत. रॉबिन कुक स्वतः डोळ्यांचा डॉक्टर, कादंबरी १९७७, आणि १९७८ चा सिनेमा दिग्दर्शित केला परत क्रायटननंच. रॉबिन कुकची मराठी भाषांतरं वाचनालयात सहज मिळतात. साध्या ऑपरेशनला आलेले धडधाकट पेशंट कोमात जातात, आणि निघतं काय तर ८ नंबरच्या थिएटरच्या ऑक्सिजन लाइनमध्ये कार्बन मोनॉक्साइड सोडलेला असतो. मिरजेत घराघरात कुणीतरी हॉस्पिटलमध्ये कामाला असतं, आमच्या ग्रुपातल्या एका ओटी नर्सताई हे वाचून म्हणाल्या की दुसऱ्या दिवशी ड्युटीवर गेल्यावर पहिल्यांदा छतातल्या पाइपकडं बघितलं. मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला इतका घट्ट चिकटतो की रक्त चेरीसारखं लाल दिसतं, पेशंट गुलाबी दिसतो आणि मेंदू उपाशी मरतो. कोविडपासून घरोघरी असलेला बोटाला लावायचा ऑक्सिमीटरसुद्धा इथं फसतो, तो साधा ऑक्सिजन आणि मोनॉक्साइड यातला फरक ओळखत नाही आणि आकडा चांगला दाखवतो. वर्गात हे सांगितलंत तर शेगडी आणि बंद खोली यावरही बोलता येईल, दर थंडीत कुठं ना कुठं बातमी येतेच.

पुस्तकातली नायिका सुझान मेडिकलची विद्यार्थिनी आहे, सिनेमातली डॉक्टर, सर्जरीची रेसिडेंट. बदल लहान दिसतो पण विद्यार्थिनीला कुणी काही सांगत नाही, फाइल दाखवत नाही, म्हणून पुस्तकात तिला प्रत्येक माहिती मागून, लपून, भांडून मिळवावी लागते आणि तिथंच ‘कसं कळलं’ दाट होतं. सिनेमा त्याच्या जागी तिला छतावरच्या पाइपच्या मागं मागं चढायला लावतो आणि तेही जमलंय. तारांनी हवेत टांगलेली कोमातली माणसं, तो शांत निळसर हॉल, ते मात्र सिनेमानं पुस्तकापेक्षा मोठं केलं, मान्य करायला पाहिजे.

‘द मार्शियन’वर थोडक्यात सांगते कारण मुलांनी बघितलेला असतोच. अँडी वीअरनं आधी स्वतःच्या वेबसाइटवर प्रकरणं टाकली, २०११ ला स्वतःच ई-बुक काढलं, २०१४ ला मोठ्या प्रकाशनानं छापलं आणि २०१५ ला रिडली स्कॉटचा सिनेमा आला. पुस्तक म्हणजे मंगळावर एकट्या अडकलेल्या माणसाची हिशोबाची वही आहे, किती बटाटे, किती कॅलरी, किती लिटर पाणी, किती दिवस. सिनेमात मॅट डेमन कॅमेऱ्याशी बोलतो आणि वही त्याच्या बोलण्यात घातलीय, छान घातलीय. पण पुस्तकात तो मधे स्वतःच्याच चुकीनं पाथफाइंडर, म्हणजे ज्याच्यावरनं तो पृथ्वीशी बोलतो ते जुनं यान, जाळतो, ड्रिलचं शॉर्टसर्किट होऊन, आणि पृथ्वीशी बोलणं बंद, मग पुढचा सगळा प्रवास एकट्याच्या डोक्यानं. सिनेमानं हे काढलं. शेवटी स्पेससूटच्या हातमोज्याला भोक पाडून, सुटणाऱ्या हवेच्या जोरावर उडत जाणं पुस्तकात तो फक्त सुचवतो आणि कमांडर नाही म्हणते, सिनेमात ते करून दाखवलं. म्हणजे चूक काढली आणि करामत घातली. बाकी सुरुवातीचं वादळ दोन्हीकडं खोटं आहे, मंगळाच्या हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याच्या आत आहे, तिथलं वादळ यान पाडू शकत नाही आणि लेखकानं ते मान्यही केलंय.

‘कॉन्टॅक्ट’ शेवटी घ्या, परीक्षा झाल्यावर. कार्ल सेगन, कादंबरी १९८५, सिनेमा १९९७, आणि सेगन १९९६ च्या डिसेंबरला गेले, त्यांना तो पूर्ण झालेला बघायला मिळाला नाही. इथं मला सिनेमाबद्दल खरं दुःख आहे. अवकाशातनं रेडिओ संदेश येतो, त्यातल्या सूचनांनी माणसं एक यंत्र बांधतात. पुस्तकात त्या यंत्रातनं पाच जण जातात आणि त्यात आपली एक बाई आहे, देवी सुखावती. सिनेमात नायिका, म्हणजे जोडी फॉस्टर ही नटी, एकटीच जाते. एकटी गेली की साक्षीला कुणी नाही, मग तिनं सांगितलेलं खरं मानायचं का हा प्रश्न टोकदार होतो, सिनेमाच्या दृष्टीनं हिशोब बरोबर आहे. पण पाच जणांनी एकच गोष्ट बघितली आणि पाचांवरही कुणी विश्वास ठेवला नाही, हे जास्त भयंकर आहे, आणि जास्त खरंही वाटतं मला. पुस्तकाच्या शेवटी नायिकेला π (पाय) या गणितातल्या संख्येच्या आकड्यांत, ती संख्या दहाऐवजी ११ च्या पद्धतीत लिहून बघताना, लपवलेलं वर्तुळ सापडतं. सिनेमात त्याच्याऐवजी १८ तासांची मुंग्यामुंग्यांची टेप आहे, म्हणजे काहीतरी घडलं याचा पुरावा, पण ती टेप लोकांपासून दडवून ठेवलेली. दोन्ही शेवट मुलांना शेजारी शेजारी ठेवून वाद घालू द्या, तास पुरणार नाही. आणि जमलं तर सहल खोडदला न्या, नारायणगावजवळ, अवकाशातल्या रेडिओ लहरी पकडणारी दुर्बीण आहे तिथं, ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश त्या परिसरात पसरल्यात. तिथल्या लोकांना विचारायला सांगा की तुम्ही सिनेमातल्यासारखं कानाला हेडफोन लावून तारे ऐकता का.

आता आधी काय. आम्ही दोन्ही क्रम करून बघितले. पूर्ण पुस्तक आधी वाचून घेतलं तर मुलं सिनेमात फक्त ‘हे काढलं, ते काढलं’ एवढंच शोधत बसतात, यादी करतात आणि सिनेमा बघतच नाहीत. आधी सिनेमा दाखवला तर निम्मे पुस्तक उघडत नाहीत. आम्हाला जमलेला मार्ग असा की पुस्तक दोनतृतीयांश वाचायचं, कोडं पूर्ण मांडून झालंय पण सुटलेलं नाही तिथं थांबायचं, प्रत्येकानं वहीत लिहायचं की पुढं हे लोक कसं शोधतील आणि तुम्ही दिग्दर्शक असता तर ते पडद्यावर कसं दाखवाल. मग सिनेमा. मग उरलेलं पुस्तक. या क्रमानं शेवटची शंभर पानं सगळे वाचतात, न सांगता.

आणि सिनेमानं बदललं म्हणजे बिघडवलं हे मुलांच्या डोक्यातनं काढायला आपलंच उदाहरण द्या. सांगलीशेजारच्या हरिपूरच्या नाटककार गोविंद बल्लाळ देवलांनी शेक्सपिअरच्या ऑथेल्लोचा ‘झुंझारराव’ केला, व्हेनिस काढलं, नावं काढली, आणि संशय मात्र जिथं होता तिथंच ठेवला. नाटक बघणाऱ्याला मूळ माहिती असायचं कारण नव्हतं. देवलांना हात कशाला लावायचा नाही हे पक्कं माहिती होतं. विज्ञान थरारमध्ये हात लावायचा नाही अशी वस्तू म्हणजे शोधाची साखळी, कोण कुठल्या पुराव्यावरनं कुठं पोचलं ती. पात्रं पुरुषाची बाई करा, पाचाचा एक करा, शेवट बदला, ती साखळी मधे तुटली नाही म्हणजे झालं.

एक करून बघाच. जुरासिकच्या वेळी तुमच्या शाळेतल्या दुसरी, सहावी आणि अकरावीच्या तीस तीस मुलांची उंची मोजा, सगळे नव्वद आकडे एकत्र करा, कुठला कुठल्या वर्गातला ते न सांगता अकरावीच्या मुलांना द्या आणि पाच पाच सेंटिमीटरचे गट पाडून आलेख काढायला लावा. बहुतेक तीन टेकड्या येतील. मग त्यांना माल्कमचं ते पान वाचायला द्या. आमच्याकडं एका ताईंनी त्यांच्या शाळेत हे केलं होतं, एक मुलगा आलेखाकडं बघत बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, ‘मॅडम, म्हणजे त्यांनी आलेख नीट बघितला असता तर कुंपण तुटायच्या आधीच कळलं असतं की.’ तुमचा आलेख आला की फोटो पाठवा मला, सहावी आणि अकरावीच्या मधली दरी किती खोल येते ते बघायचंय.